तात्पुरतं

घरमालकीण गॅसची शेगडी दाखवता दाखवता म्हणाली, "पहिलं वर्ष जड जातं. कड्या गंजतात, चादरीत वाळू येते, वाऱ्याने डोकं दुखतं. तिसऱ्या वर्षी मात्र निघताना रडाल." मी हसले. समोरचं माणूस काही बोललं की आधी हसून घ्यायचं आणि मग अर्थ लावायचा, ही सवय मला एका रात्रीत लागली होती. तिचं इंग्रजी तिच्या भाषेच्या चालीवर जायचं, माझं माझ्या. मग अर्थ लागला. "तिसऱ्या?" मी विचारलं. "तीन वर्षांसाठी घेतलंय ना घर?" ती म्हणाली. "तुमच्या मिस्टरांनी तसं सांगितलं म्हणून तर मी आतली खोली रंगवून घेतली. वर्षभराच्या भाडेकरूसाठी कोण रंगवतं?" नवरा दोन्ही हातांत बॅगा घेऊन दारातच उभा होता. त्याने बॅगा खाली ठेवल्या आणि मराठीत म्हणाला, "तिचा काहीतरी घोळ झालाय." मग तिच्याकडे बघून हसत इंग्रजीत म्हणाला, की खिडकीतून समुद्र फार सुंदर दिसतो. आणि ती खिडकी उघडायला लागला. खिडकी उघडेना. तो ओढत राहिला, खालून धक्का देत राहिला, जणू ती उघडल्याशिवाय आमचं काही खरं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. माझ्या नवऱ्याचा चेहरा खोटं बोलू शकतो, त्याच्या कानांना ते जमत नाही.

राग लगेच आला नाही. मला राग उशिराच येतो. मी भूलतज्ज्ञ आहे, आणि टेबलावर माणूस निजलेला असताना रागवायची सोय नसते. सर्जन ओरडतो, हत्यार फेकतो, सिस्टरला काहीबाही बोलतो. डोक्यापाशी बसलेल्या बाईने मात्र श्वास बघायचा, नाडी बघायची, आणि राग उतरवून कुठेतरी बाजूला ठेवायचा. इतकी वर्षं असं केलं की तो बाजूला ठेवलेला राग सापडायला वेळ लागतो. त्या दिवशी मी बॅगा उघडल्या, कपडे लावले, कुकरची शिट्टी शोधली, सासऱ्यांच्या गोळ्या उशाशी ठेवल्या, मुलीचे केस विंचरले. मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती कधी एका जागी उभी राहिलीच नाही. ती नव्या घरात या खोलीतून त्या खोलीत गरगरत होती आणि मी तिच्या मागे कंगवा घेऊन. मनात एकीकडे 'घोळ झालाय, घोळ झालाय' असं चाललं होतं. परक्या भाषेत एक आणि तीन यांचा घोळ होऊ शकतो, असं मी स्वतःला समजावलं. मी शिकली-सवरलेली बाई, तान्ह्या पोरांच्या श्वासाचा हिशोब ठेवणारी, आणि एक आणि तीन यांचा घोळ होऊ शकतो असं स्वतःला समजावत मी चादरीवरची वाळू झटकत होते.

इथे यायचं का, असं त्याने विचारलं होतं तेव्हा आम्ही आमच्या घरच्या स्वयंपाकघरात होतो. तो बंदरं बांधतो. लाटा अडवायला समुद्रात जे लांबलचक धक्के घालतात ते त्याचं काम. त्याचा धंदाच धक्के देण्याचा, असा आमच्या घरातला एक जुना विनोद आहे आणि त्यावर सगळ्यात जास्त तोच हसतो. "एकच वर्ष," तो म्हणाला होता, "डोळे मिटून उघडशील तोवर संपेल. भिंगरीला समुद्र मिळेल, अण्णांना हवा मिळेल. तूसुद्धा जरा थांब. तुला थांबलेलं कधी बघितलंच नाही मी." अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. मी सांगितलं, माझ्या एकटीच्या हातात नाही, मोठ्या डॉक्टरांना विचारायला हवं. आमच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया सुरू व्हायला इतकी वर्षं लागली होती, आणि त्या विभागात भूल द्यायला माझं नाव ठरलं होतं. मोठे डॉक्टर एरवी घरी कुणाकडे जात नाहीत, पण यासाठी ते आमच्या घरी आले, सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "वर्षभर जागा धरून ठेवतो. तेवढ्यापुरतं कुणालातरी बसवतो. त्यापुढे एक दिवस नाही. या पोरांना वाट बघता येत नाही, तुम्हाला मी काय सांगायचं." नवरा समोर बसून चहा पीत होता. त्याने हे ऐकलं. ऐकून मान हलवली. डॉक्टरांना दारापर्यंत सोडायलाही तोच गेला. ती हललेली मान मला त्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पुन्हा दिसायची, भाजी चिरताना, नळाखाली हात धरताना. माणूस नेमकं कशाला होकार देतोय हे मानेवरून कळत नाही.

आणि तो समुद्र. लोक समुद्राजवळ घर मिळावं म्हणून जीव टाकतात. मला तो पहिल्या दिवसापासून न थांबणाऱ्या बडबड्या पाहुण्यासारखा वाटला. सारखा बोलतोय, सारखा बोलतोय, आणि सांगत काहीच नाही. खिडकी बंद केली तरी त्याचा दमट श्वास भिंतीतून आत यायचा. मीठ सकाळी दगड होऊन बसायचं, टॉवेल दिवसभर वाळत घातले तरी ओलेच, आरशावर एक खारट साय. फरशीवर चालताना तळपायांना वाळू करकरायची आणि ती करकर थेट माझ्या दातांत जायची. नवरा सकाळी हेल्मेट काखेत मारून निघून जायचा आणि संध्याकाळी उन्हाने रापून, समाधानाने दमून यायचा. त्याच्या बुटांतून आणखी वाळू. अण्णा तर पहिल्याच सकाळी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून किनाऱ्यावर गेले ते तिथलेच झाले. तिथे जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांशी ते मराठीत बोलायचे, म्हातारे त्यांच्या भाषेत उत्तर द्यायचे, आणि दोन्ही बाजूंचं पूर्ण एकमत व्हायचं. "फार चांगली माणसं आहेत गं," घरी येऊन सांगायचे. "काय म्हणाली?" मी विचारायचे. "ते नाही कळलं. पण बरोबर बोलत होती." एरवी मी यावर पोट धरून हसले असते. त्या आठवड्यात मला अण्णांचासुद्धा राग येत होता. त्यांच्या पोटऱ्यांवर वाळलेल्या मिठाचा, त्यांच्या खुशीचा, सकाळी उठल्या उठल्या गुणगुणण्याचा. घरात एकच माणूस रागावलेला असला की बाकीच्यांचा आनंद त्याला मुद्दाम केल्यासारखा वाटतो.

मी नवऱ्याला सरळ विचारलं नाही. का नाही, हे मला नीट सांगता येणार नाही. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर खरं असो की खोटं, मग मला त्याच्यासोबत राहावं लागलं असतं. म्हणून मी त्याला संधी देत राहिले. भात वाढता वाढता म्हणायचे, "पुढच्या वर्षी या दिवसांत आपण परत घरी असू." तो म्हणायचा, "हो ना." मी म्हणायचे, "इथे फार सामान नको घ्यायला, वर्षाने टाकूनच जायचंय." तो म्हणायचा, "बरोबर आहे," आणि एकदा तर दुसऱ्याच दिवशी पुस्तकांचं कपाट घेऊन आला. चांगलं जड, लाकडी, चार माणसांनी वर चढवलेलं. "स्वस्तात मिळालं," म्हणाला. मी त्या कपाटाकडे बघत राहायचे. वर्षभरासाठी आलेल्या माणसाला एवढं कपाट कशाला? पण मी हे तोंडाने म्हणायचे नाही, आणि तो माझ्या न म्हणण्यावर विसंबून राहायचा. एकदा जेवताना मी चौथ्यांदा की पाचव्यांदा तसंच काहीतरी म्हणाले, तेव्हा त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तू किती विचार करतेस. शांत हो. सगळं नीट होणार आहे." तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. कारण तो आवाज माझा होता. टेबलावर आणलेल्या, थरथरणाऱ्या माणसाशी मी ज्या आवाजात बोलते तोच. खालचा, संथ, शेवटी किंचित चढणारा. मी त्या आवाजात लोकांना सांगते, की आता गार वाटेल, आता हात जड होईल. पण मी खोटं सांगत नाही. दुखणार नाही, असं मी कधीही कुणालाही सांगितलेलं नाही. पाच वर्षांच्या मुलालासुद्धा मी सांगते, की उठल्यावर दुखेल आणि मी तिथे असेन. तोंडावर मास्क ठेवण्याआधी त्यात मी स्ट्रॉबेरीचा वास लावते आणि तो मास्क आधी त्याच्या बाहुलीला लावू देते. फसवून एकाही पोराला मी झोपवलेलं नाही. आणि हा माणूस लग्नाची इतकी वर्षं माझ्याकडून फक्त तेवढा आवाज शिकला होता. दुसऱ्यांना भूल देता देता मीच भुलले होते, आणि कुणी दिली हेही मला कळत होतं, फक्त डोळे उघडायचा धीर होत नव्हता.

शाळेत भिंगरीला घेऊन मी एकटीच गेले. नवऱ्याचं काँक्रीट ओतायचं होतं त्या दिवशी. शाळा समुद्राला पाठ करून उभी होती, त्यामुळे बरं वाटलं. वर्गाच्या बाहेर पोरांच्या पावसाळी टोप्या खुंट्यांवर लटकत होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र होतं; भिंगरीच्या खुंटीवर खेकडा. शिक्षिका उंच होत्या, खूप उंच, आणि भिंगरीशी बोलायला त्या गुडघ्यांवर खाली बसल्या. मला ते आवडलं. मीही मुलांशी तसंच बोलते. त्यांनी इंग्रजीत सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "किती वर्षं राहणार तू आमच्याकडे?" भिंगरीने हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. सहज. काही विचार न करता, जशी ती आपलं वय दाखवते. मग तिची मान माझ्याकडे वळली. माझ्याकडे बघता बघता तिने दोन बोटं मिटून घेतली, एकेक करून, आणि एक बोट तसंच उभं ठेवून ती शिक्षिकांकडे बघून हसली. मोठ्या माणसासारखं हसली. ते हसू मी ओळखलं. ते माझ्या नवऱ्याचं होतं, खिडकी उघडताना घरमालकिणीकडे बघून केलेलं.

शिक्षिका मला वर्ग दाखवत होत्या. रंगीत खुर्च्या, मासे नसलेली काचेची पेटी, हात धुवायच्या बेसिनांची उतरती रांग. मी मान हलवत होते. अशा वेळी मी मॉनिटरकडे बघते. तिथे बघायला काही नव्हतं म्हणून मी त्या पेटीकडे बघत राहिले. आतापर्यंत माझा राग नुसता धुमसत होता, त्याला धूर होता, शंका होती. आता तो स्वच्छ झाला. त्याने मला फसवलं यावर मी कदाचित रडून, भांडून, मग आठ दिवस अबोला धरून पुढे गेले असते. लग्नात माणसं एकमेकांना लहानमोठं फसवतातच, मीही त्याला सांगितलेल्या सगळ्याच गोष्टी काही गंगाजळात धुतलेल्या नाहीत. पण त्याने पोरीला बोटं मिटायला शिकवलं होतं. आईकडे बघून, तिच्या तोंडावरून अंदाज घेऊन, किती खरं दाखवायचं ते ठरवायला शिकवलं होतं.

घरी जाताना आम्ही किनाऱ्यावरच्या फरसबंदीवरून चाललो. वारा समोरून येत होता आणि भिंगरी त्यावर रेलून चालून बघत होती. मी तिला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "तुला कुणी सांगितलं तीन वर्षं?" ती थांबली. "बाबांनी."

"कधी?"

"तिकडेच. बॅग भरताना. बाबा म्हणाले, आईला सरप्राइज आहे." मग तिने माझा हात धरला. "तुला आता कळलं? मी सांगितलं नाही हं. मी फक्त बोटं दाखवली."

"हो. तू नाही सांगितलंस."

"मग बाबा रागावणार नाहीत ना माझ्यावर?"

तिथे मला खाली बसावंसं वाटलं, त्या दगडांवर, सगळ्यांसमोर. मी तिला सांगितलं की बाबा रागावणार नाहीत. "आणि अण्णांना माहीत आहे?" मी विचारलं. ती म्हणाली, "अण्णांना तर आधीपासून माहितेय. अण्णा म्हणाले, आत्ता सांगितलं तर तुझी आई विमानातच बसायची नाही." हे तिने अण्णांची नक्कल करत, हनुवटी आत ओढून सांगितलं. नक्कल इतकी चांगली होती की मी हसले. त्या हसण्याचाही मला नंतर किती वेळ राग येत राहिला. म्हणजे माझ्या घरात मी सोडून सगळ्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं. बॅगा भरत होते मी. कुणाला किती स्वेटर, कुणाची कुठली गोळी, भिंगरीची उशी घ्यायची की नाही, याची चिंता करत होते मी. आणि माझ्या पाठीमागे माझा नवरा, माझे सासरे आणि माझी सात वर्षांची मुलगी माझ्या वरच्या दोन वर्षांचं काय करायचं ते ठरवून मोकळे झाले होते.

अण्णांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गाठलं. ते पाण्याच्या कडेला उभे होते आणि लाट आली की मुलासारखे मागे सरत होते. मी चपला हातात घेऊन त्यांच्यापाशी गेले. "अण्णा, तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. त्यांनी 'काय माहीत होतं?' असं विचारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पाण्याकडे बघतच ते म्हणाले, "त्याने सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तिला सांग. पण मग मला वाटलं, एकदा आलीस की रुळशील. माणूस रुळतं गं. मी नोकरीत किती गावं बदलली. प्रत्येक ठिकाणी पहिल्या आठवड्यात वाटायचं, इथे जीव लागणार नाही. लागला सगळीकडे."

"तुमचा लागला."

"तुझ्या सासूचाही लागला. माझ्यामागे एवढी फिरली, पण कधी चकार शब्द काढला नाही तिने."

"काढायच्या," मी म्हणाले. "माझ्याकडे काढायच्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लाट आली, या वेळी ते मागे सरले नाहीत; पॅंट गुडघ्याच्या वर भिजली. मला बोलायचं नव्हतं. ते सासूबाईंचं होतं, त्यांनी मला विश्वासाने दिलेलं. पण रागाला असं राखून ठेवणं जमत नाही. सासूबाई शिक्षिका होत्या. प्रत्येक गावात त्यांना बदलीवरची म्हणून पहिलीचा वर्ग मिळायचा. रडणारी, नाक पुसायला शिकणारी पोरं. ती पोरं पाटीवर नाव लिहायला लागेपर्यंत अण्णांची बदली यायची. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या आधी मी त्यांचा हात धरून बसले होते. माझ्या सहकाऱ्याने सुईतून आधीचं औषध दिलं होतं, जे दिल्यावर माणसं सैल होतात आणि मनातलं बोलतात. सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर मी पहिलीच शिकवली गं. माझं एक पोर मला दुसरीत गेलेलं बघायचं होतं. यांना कधी कळलंच नाही की मी रागावलेली आहे." मी हे अण्णांना सांगितलं. तसंच्या तसं. समुद्राच्या त्या बडबडीत मला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं, आणि जाळी विणणारे म्हातारे वर बघायला लागले. अण्णांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, जसा भिंतीवरचा रंग ओल आली की सुटतो. मला वाटलं होतं त्यांना दुखावून मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. ते म्हणाले, "असं म्हणाली?" मग पुन्हा, "रागावलेली आहे म्हणाली?" मी त्यांचा दंड धरून त्यांना कोरड्या वाळूत आणलं. त्या दिवसानंतर ते किनाऱ्यावर गेले तरी पॅंट दुमडायचे नाहीत.

नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नाही. मीही नाही. रविवारी दुपारी चहाला नवऱ्याचे साहेब आणि त्यांच्या मिसेस यायचे होते. तीही आपल्याकडचीच माणसं, बरीच वर्षं इथे राहिलेली. नवरा सकाळपासून उत्साहात होता. कपाट पुसलं, त्यात पुस्तकं लावली, खिडकीच्या कडीला तेल घातलं आणि ती एकदाची उघडली. ते आले. साहेब मऊ, गुबगुबीत, सगळ्याला 'वा, वा' म्हणणारे. साहेबांच्या मिसेस मला भाजी कुठे चांगली मिळते, डोक्याला काय बांधावं म्हणजे वारा लागत नाही, हे सांगत होत्या. चांगल्या होत्या. मी चहा गाळत होते. साहेब म्हणाले, "पहिलं वर्ष नुसतं दगड टाकण्यात जाईल. खरं काम दुसऱ्या वर्षी दिसायला लागतं. तिसऱ्या वर्षी हा धक्का पुरा झाला ना वहिनी, की तुम्ही त्याच्यावरून फिरायला जाल आणि म्हणाल, माझ्या नवऱ्याने समुद्र थांबवलाय." नवरा हसला. आणि हसता हसता माझ्याकडे बघितलं त्याने, तसंच, अंदाज घेतल्यासारखं. त्याला वाटलं असावं, की हीच वेळ बरी. पाहुण्यांसमोर कळलं की मी गिळून टाकेन, रात्रीपर्यंत निवेन, आणि उद्या त्याला मुळात काही सांगावंच लागणार नाही. कदाचित त्याने एवढा विचार केलाही नसेल. मी गाळणं खाली ठेवलं.

"हे राहतील तीन वर्षं," मी म्हणाले. "मी वर्षाने परत जाणार आहे. माझी जागा धरून ठेवलीय तिकडे."

"गंमत करतेय ती," नवरा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नव्हतं तीन वर्षांचं. घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

माझा आवाज चढला नव्हता. साहेब 'वा' म्हणायला निघाले होते ते अर्ध्यावर थांबले. अण्णा बशीत बघत होते. साहेबांच्या मिसेसनी मात्र कप टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला एकदम जाणवलं, ह्यांना किती वर्षांचं सांगून आणलं होतं कोण जाणे. "चला," त्या साहेबांना म्हणाल्या, "यांना बोलायचं असेल." पाचच मिनिटांत ती दोघं जिना उतरून गेली. अण्णा भिंगरीला घेऊन आतल्या, रंगवलेल्या खोलीत गेले. दार ओढून घेतलं, पण त्या घरातलं एकही दार नीट लागत नाही.

"एवढं करायची गरज होती?" नवरा म्हणाला. "माझ्या साहेबांसमोर?"

"तू माझ्या डॉक्टरांसमोर मान हलवलीस."

"तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं."

"कान बघ तुझे."

त्याने खरंच हात कानाकडे नेला, आणि मग चिडून खाली घेतला. तो खिडकीकडे गेला, परत आला. बाहेर ऊन लख्ख होतं, वाऱ्याने पडदा सारखा आत उडत होता आणि तो आमच्या मधे मधे येत होता. शेवटी त्याने पडदा मुठीत धरला आणि मोठ्याने म्हणाला, "बरं. नाही सांगितलं. खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? तेच उत्तर होतं माझं. नाही. तू ते ऐकायचं होतंस. त्यावर भांडायचं होतंस माझ्याशी. कदाचित तू एकटा आला असतास, कदाचित आलाच नसतास, कदाचित महिनाभर भांडून मीच हो म्हटलं असतं. ते सगळं तू काढून घेतलंस माझ्याकडून. आणि वर पोरीला शिकवलंस आईपासून काय लपवायचं ते."

"सरप्राइज म्हणालो मी तिला. लपव असं नाही म्हणालो."

"ती सात वर्षांची आहे, खुळी नाही. तिला कळलंय दोन्ही एकच."

त्याने तो आवाज काढला. खालचा, संथ. "हे बघ," तो म्हणाला, "मला एकट्याने राहायची भीती वाटत होती. एवढंच." आणि मला दिसलं की हे खरं होतं. या आठवड्यात त्याने पहिल्यांदाच मला काहीतरी खरं सांगितलं होतं, आणि तेही त्या आवाजात सांगितलं होतं ज्याने माझं डोकं फिरतं. माझ्या रागाला क्षणभर धरायला काही सापडेना. आतून काहीतरी पुढे झालं, त्याच्या दंडाला हात लावायला. इतक्या वर्षांची सवय. मी हात मागे घेतला. भीती वाटत होती तर भीती वाटते म्हणायचं होतं. माझ्यासमोर दिवसभर माणसं येतात आणि भीती वाटते म्हणतात, सैन्यातले म्हणतात, पैलवान म्हणतात, त्यात काय मरण आहे. मी त्याला हे म्हणणार होते आणि तेवढ्यात आतलं दार करकरलं.

भिंगरी दारात उभी होती. मागे अण्णा होते, तिला थांबवायला हात पुढे केलेला, पण थांबवत नव्हते. ती एका जागी उभी होती. मी तिला इतकी स्थिर कधी पाहिली नव्हती. "आई," ती म्हणाली, "मग मी किती वर्षं?"

माझ्या गळ्यात तो आवाज तयार झाला. माझा स्वतःचा. मला तो स्पष्ट जाणवला, जिभेपर्यंत आला. तू आत जा, काही नाही झालं, सगळं नीट होईल, आईबाबा जरा बोलतायत. नवऱ्याचंही तोंड उघडलं होतं, आणि मला ठाऊक होतं की तोही हेच म्हणणार. दोघांनी मिळून तिला झोपवलं असतं, एकाच वाक्याने, फार प्रेमाने.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर ते लागलं, दिसलं मला. ओठ वाकडा झाला. तरी मी थांबले नाही. "बाबांना तीन वर्षं राहायचंय. मला एका वर्षाने जायचंय. तुझं काय करायचं ते अजून आम्हाला कळलेलं नाही. आम्ही त्यावरच भांडतोय."

"मोठ्याने?"

"हो. मोठ्याने."

तिने बाबांकडे बघितलं. नवऱ्याच्या हातात अजून पडद्याचा बोळा होता. त्याने मान हलवली नाही. तो म्हणाला, "हो गं. खरंय ते. आणि मी आईशी खोटं बोललो." त्याचा आवाज फाटला होता, अजिबात मऊ नव्हता, आणि माझा राग होता तिथेच होता, एक कणही कमी झालेला नव्हता.

भिंगरीने डोळे मनगटाने पुसले. मग जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची दोन्ही हातांनी ओढत आणली, साहेबांनी अर्धवट टाकलेला कप बाजूला सरकवला, आणि आमच्या दोघांच्या बरोबर मधे चढून बसली.

"भांडा," ती म्हणाली. "मी ऐकते."